चोणकाची चटणी

गेल्या मे महिन्यात आमच्या वडोदऱ्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक बाटली फुटली. नेमकं सांगायचं तर बाटली शाबूत राहिली, झाकण तेवढं उडालं. आत होता माझा पहिलावहिला प्रयोग: कोळंबीची डोकी, लसूण आणि भरपूर व्हॅसलीन. व्हिडिओत पाहून केलं होतं. रबरी माशाला हे चोपडलं की खरा मासा वासाने धावत येतो, असं त्यात सांगितलं होतं. मी ते झाकण घट्ट लावून ‘मुरायला’ उन्हात ठेवलं. आठव्या दिवशी दुपारी धाडकन आवाज झाला आणि चारही मजल्यांवर वास पसरला. आमची सोसायटी जवळजवळ सगळी शाकाहारी. आईने त्या संध्याकाळी तीन घरी जाऊन माफी मागितली. मला म्हणाली, “हे उद्योग करायचे असतील तर चोडणला मामाकडे जा. त्याच्याकडे शीक, नाहीतर सोडून दे.”

म्हणून दिवाळीला गेलो.

चोडण म्हणजे आईचं माहेर. मांडवी नदीतलं बेट. मडगावला गाडीतून उतरायचं, बसने पणजी, तिथून रायबंदर, आणि रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट. लहानपणी सुट्टी सुरू झाली हे मला फेरीबोटीच्या इंजिनाच्या धडधडीने कळायचं. पलीकडे उतरलं की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं, खारफुटीचं दाट रान. तिथे गळ टाकायचा नाही, हा मामाचा पहिला नियम. मासेमारी करायची ती गावाच्या बाजूला, बांधावर.

भाऊबिजेच्या संध्याकाळी पोचलो. मामी दारातच म्हणाली, “नरकासुर जाळून झाले, फोव खाऊन झाले, आता आलास?” तरी तिने दूध-गुळाचे फोव माझ्यासाठी वेगळे ठेवले होते. चहा झाल्यावर मी ऐटीत बॅग उघडली. कांडी, रीळ, चार इंची रबरी मासे, शिसाचं डोकं असलेले गळ, आणि शेवटी मुंबईहून मागवलेली परदेशी वासाची बाटली. घरगुती प्रयोग फसल्यावर विकत घेतलेली. बडीशेपेचा उग्र वास.

“कितें हाडलां रे?” मामाने बाटली हातात घेतली, झाकण काढलं, नाकाशी नेलं आणि परत बंद करून माझ्याकडे दिली. चेहऱ्यावर काहीच नाही. मामी आतून ओरडली, “कसला तो भपका! बाहेर ठेव ते!” मामा शांतपणे म्हणाला, “तिला येतो तर असेल.”

तेव्हा मला आठवलं. मामाला २०२१ च्या मे महिन्यात करोना झाला होता. बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. आई फोनवर सांगायची, आम्ही ‘अरेरे’ म्हणायचो आणि पुढच्या विषयाकडे वळायचो. वास जाणं म्हणजे काय हे मला त्या घरात चार दिवस राहिल्यावर कळलं. गॅस चालू राहिला तर मामाला समजत नाही, म्हणून मामी त्याला एकट्याला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. बाजारातून मासे आणायचं काम, जे त्याने चाळीस वर्षं केलं, आता मामी करते. तो फक्त पिशवी धरतो. आणि ज्याच्यासाठी मी आलो होतो, ती त्याची ‘चटणी’ त्याने तेव्हापासून केलीच नव्हती.

‘चोणकाची चटणी’ हे मामीने ठेवलेलं नाव. चोणक म्हणजे आपल्याकडे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो मासा. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर राहणारा, मोठ्या तोंडाचा, सोनेरी-रुपेरी अंगाचा. मामा पूर्वी आमिषाला, आणि पुढे कोणी भेट दिलेल्या रबरी माशांनाही, घरी केलेलं एक चिकट वाटण लावायचा. बांधावर त्याची चेष्टा व्हायची, आणि चेष्टा करणारेच नंतर वाटीभर मागायला यायचे.

“कशी करायची सांग ना,” मी म्हणालो.

“माप नाही रे, पुता. नाकानं करायचो. आता नाक नाही, काय सांगू?”

विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी तृतीया. मामाचं भरतीचं गणित तिथीवर चालतं, आणि ते कोकणात अनेक घरांत अजून चालतं. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वेळेला भरती पूर्ण. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. सव्वादोनला पाणी भरतं आणि मग पुढचे सहाएक तास ओहोटी, म्हणजे मामाच्या भाषेत ‘सुकती’. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मी मोबाइलवरचं वेळापत्रक काढून पाहिलं. थोडा फरक होता, पण वावगं म्हणावं इतका नाही. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणून उधाण, पाण्याला ओढ चांगली.

साडेतीनला आम्ही बांधावर गेलो. ज्यांनी गोव्यातली खाजन जमीन पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. नदीकाठची ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या गावकऱ्यांनी माती आणि दगडाचे बांध घालून ती नदीपासून वेगळी केली. बांधात जागोजागी ‘मानस’ असतं, म्हणजे पाण्याचं दार. त्याची लाकडी फळी भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारं पाणी हवं तेवढंच आत, पावसाचं पाणी बाहेर. पावसाळ्यात आत भात, भाताबरोबर कोळंबी आणि मासे. या जमिनीत होणारं भात म्हणजे कोरगूट, थोडं मीठ सोसणारी जात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो, त्यामुळे तिथे आपण गळ टाकायचा नाही. ज्याने पैसे भरले आहेत त्याचं ते पाणी. हा मामाचा दुसरा नियम.

तिसरा नियम: पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. हे ऐकून मी हसलो, कारण वडोदऱ्याच्या माणसाला मगरीचं नवल नाही. आपली विश्वामित्री भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. पावसाळ्यात पूर आला की त्या सोसायट्यांच्या आवारात सापडतात. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला खाजन सांभाळणारे लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. बांधावर राबणारा माणूस आणि पाण्यातली मगर, दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं असा त्याचा अर्थ, मामाने सांगितला.

मी बाटलीतलं तेल रबरी माशाला चोपडलं आणि टाकला. तासभर टाकत राहिलो. काही नाही. बाजूला शेवट्यांचे थवे पाण्यावर उड्या मारत होते, म्हणजे खाणारा कोणीतरी खाली होता. पण माझ्याकडे फिरकत नव्हता.

मामा मागे दगडावर बसून पाहत होता. मग म्हणाला, “पाण्यावर बघ.”

मी पाहिलं. जिथे जिथे माझा मासा पडला होता तिथे तिथे इंद्रधनुष्यासारखा तवंग तरंगत नदीच्या तोंडाकडे निघाला होता.

“तुझा वास वरून चाललाय. मासा खाली आहे. तेल पाण्यात विरघळतं का?”

एवढं साधं. आपण वास हवेतून घेतो, म्हणून आपल्याला वाटतं वास म्हणजे घमघमाट. माशाच्या नाकाला हवा कधी लागतच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंना छोट्या खोबणी असतात. पाणी पुढच्या भोकातून आत जातं, नाजूक घड्यांवरून फिरतं आणि मागच्या भोकातून बाहेर पडतं. त्या नाकाचा घशाशी संबंध नाही, श्वासाशी नाही. ते फक्त वासासाठी आहे. त्याला कळतं ते पाण्यात विरघळलेलं. मी नंतर वाचलं की माशांना सगळ्यात जास्त ओढतात ती ॲमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, आणि कोळंबी, खुबे, माणक्यांच्या मांसात ती मोकळी, पाण्यात चटकन उतरतील अशी, भरपूर असतात. माझ्या बाल्कनीतल्या व्हॅसलीनची चूकही तेव्हा समजली. कोळंबीतलं कामाचं जे होतं ते मी चरबीत कोंडून टाकलं होतं. ते पाण्यात उतरलंच नसतं. उन्हात त्याच्यावर जिवाणू वाढले, वायू झाला आणि झाकण उडालं.

“आणि बडीशेप?” मी विचारलं.

“ती तुमच्या रोहू-कटल्याला चालते. पेंडीच्या, कणकेच्या गोळ्यात घालतात. चोणकाच्या बापजाद्यांनी कधी बडीशेप खाल्ली आहे का?”

परतताना मामाने वाट वाकडी केली आणि बांधाच्या पुढच्या टोकाला नेलं. तिथे बांध फुटलेला होता. काही वर्षांपूर्वी एका उधाणाला फुटला, दुरुस्ती राहिली, खारं पाणी आत आलं ते येतच राहिलं. जिथे मी लहानपणी भाताच्या काकऱ्यांमधून धावलो होतो तिथे आता माझ्या डोक्याएवढी खारफुटी होती. आमच्या वाटणीचं शेत त्यात गेलं. पलीकडच्या कोपऱ्यात एकदोघांची थोडी शेती उरली आहे, तिथे अजून कोरगूट होतं.

“चटणीला कोरगुटाची पेज लागायची,” मामा म्हणाला. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, “शेजाऱ्यांकडे आहेत तांदूळ.”

मी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर तो स्वतःहून शेजारी गेला आणि वाटीभर उकडे तांदूळ घेऊन आला.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही मागच्या अंगणात बसलो. मामीने मसाल्याचा रगडा द्यायला साफ नकार दिला, मिक्सरला तर हात लावू दिला नाही. ते बरोबरच होतं. त्यासाठी वेगळा जुना दगड, वेगळी पळी, वेगळी बरणी. मासे कापून उरलेली कोळंबीची डोकी आणि सालं तिने बाजूला ठेवली होती, आणि डब्यातून गालमो काढून दिला. गालमो म्हणजे आपला सुका जवळा.

मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणून ठेवला. मामाने ‘मूठभर’ म्हटलं की मी त्याच्या मुठीतलं काट्यावर ठेवायला लावायचो. आधी तो वैतागला, मग त्याला गंमत वाटायला लागली. पण खरी अडचण वजनाची नव्हती. गालमोची मूठ हातात देऊन त्याने विचारलं, “कसा आहे वास?”

मी म्हणालो, “सुक्या मासळीचा.”

“ते मला पण माहीत आहे. कसा?”

मला सांगता येईना. मी ‘स्ट्राँग’ म्हणालो. मामाने मान हलवली. मग तो एकेक शब्द देत गेला आणि मी वास घेऊन हो-नाही सांगत गेलो. खमंग आहे का? आहे. खवट? नाही. कुबट, म्हणजे पावसात बंद राहिलेल्या कपाटासारखा? थोडासा, तळाशी. “मग तळातला घेऊ नको, त्याला दमट लागलंय.” डोक्यांचा वास घ्यायला लावला. वशट आहे हे कळत होतं, पण त्यात गोडसर आहे की आंबूस? मी दोनदा घेतला. गोडसर. “ताजी आहेत मग. आता शेवटचं. नाकात जातो की डोळ्यात?”

“म्हणजे?”

“चांगला वास नाकात राहतो. वाईट वास डोळ्यात जातो. डोळे चुरचुरले की फेकायचं, विचार करायचा नाही.”

त्याने त्याला नाव दिलं नव्हतं, पण तो सांगत होता अमोनियाबद्दल. मासळी कुजायला लागली की अमोनिया सुटतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. पुष्कळांना वाटतं जितकं कुजकं तितकं माशाला प्रिय. शेंगट्याला कदाचित चालत असेल. चोणक हा जिवंत, ताजं खाणारा मासा. त्याला सडका वास देऊन उपयोग नाही.

दीड तासात चटणी झाली. माप मी लिहून घेतलं ते असं:

सुका जवळा ५० ग्रॅम, न भाजता, फक्त ऊन दाखवून बारीक कुटलेला. ताज्या कोळंबीची डोकी आणि सालं १०० ग्रॅम, ठेचून एक कप थंड पाण्यात तासभर ठेवून गाळलेली. फक्त पाणी घ्यायचं, चोथा झाडाच्या मुळाशी. कोरगुटाची घट्ट पेज अर्धा कप, पूर्ण गार झालेली. खडे मीठ दोन चमचे. आधी पेजेत जवळा कालवायचा, मग गाळलेलं पाणी थोडं थोडं, बोटाला लागून बोट उलटं केलं तरी पडणार नाही इतपत. मीठ शेवटी. पाणी उरलं तर ओतून द्यायचं, ‘वाया जाईल’ म्हणून घालायचं नाही.

पेजेचं काम दुहेरी आहे. ती चिकटते, आणि पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणजे वास धरूनही ठेवते आणि सोडतेही. कोरगूट नसेल तर कोणत्याही उकड्या तांदळाची पेज चालेल असं मला वाटतं. मामाला तसं वाटत नाही.

फ्रिजबाहेर ही एक दिवस टिकते, त्यापुढे नाही. फ्रीझरमध्ये, नाव लिहिलेल्या वेगळ्या बरणीत, दोनतीन आठवडे. झाकणाखाली थोडी जागा सोडायची. बंद बरणी उन्हात ठेवायची नाही, हे मी आता कोणालाही शपथेवर सांगू शकतो.

मामाला वास येत नव्हता, पण त्याने तयार चटणीत बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाला, “झाली.” साडेचार वर्षांत पहिल्यांदा झाली होती. मामी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत गेली आणि चहा घेऊन आली.

त्या दिवशी भरती तीनला पूर्ण होणार होती. साडेचारला बांधावर पोचलो तेव्हा पाणी चांगलं ओढत होतं. डास होते म्हणून मी खिशातून मलम काढलं, तर मामाने हात धरला. आधी हात धुवायला लावले, तेही काठचा चिखल चोळून. डासांच्या मलमातलं औषध रबरी माशाचं प्लास्टिक खातं हे मला माहीत होतं. पण नुसत्या हाताचा वासही माशाला नको असतो, हे नव्हतं. यावर काम झालेलं आहे. १९५० च्या दशकात कॅनडात संशोधकांनी पाहिलं की नदीत वर चढणाऱ्या सामन माशांच्या वाटेत माणसाचे हात किंवा अस्वलाचा पंजा धुतलेलं पाणी सोडलं तर मासे थबकतात, मागे फिरतात. कातडीतलं सेरीन नावाचं ॲमिनो आम्ल त्याला कारण निघालं. एक ॲमिनो आम्ल बोलावतं, दुसरं पळवून लावतं. चोणकाचं तसंच असेल असं नाही, पण चिखलाला पैसे पडत नाहीत.

तसाच आणखी एक शोध मला आवडतो. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी १९३८ मध्ये दाखवलं की एका छोट्या माशाच्या जातीत एकाची कातडी जखमी झाली तर त्यातून पाण्यात काहीतरी सुटतं आणि बाकीचे घाबरून पळतात. रोहू-कटला याच मोठ्या गटातले. म्हणजे रोह्यासाठी रोह्याच्याच कातडीचं वाटण करणं म्हणजे दारावर धोक्याची पाटी लावणं.

रबरी माशाच्या पोटात चीर असते. मामाने तिच्यात चटणी भरली, वरून थोडी चोपडली. मग टाकायचं कुठे हे शिकवलं. ओहोटी ज्या दिशेला चालली आहे त्याच्या वरच्या अंगाला टाकायचं, आणि तळाजवळून हळू आणायचं, म्हणजे वासाची रेघ माशाच्या आधी पोचते. दहाबारा फेकींनंतर पुन्हा चटणी. “पण वासानं मासा लांबून येईल अशी आशा धरू नको,” तो म्हणाला. “चोणक बघून आणि पाण्याची थरथर ऐकून झडप घालतो. वासाचं काम तोंडात घेतल्यावर. रबर लागलं की तो थुंकतो. चटणी लागली की एक क्षण जास्त धरतो. तो एक क्षण तुझा.”

सूर्य पलीकडच्या खारफुटीला टेकला तेव्हा कांडीला खट्कन झटका बसला. मी ओढली, गेला. पाच मिनिटांनी पुन्हा, आणि या वेळी लागला. त्याने पाण्याबाहेर उडी घेतली, डोकं झटकलं. मामा ओरडत होता, “दोरी ढिली सोडू नको!” काठावर आला तेव्हा पाहिलं, कोपरापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा चोणक. कल्ल्याची झाकणं पात्यासारखी धारदार असतात म्हणून मामाने ओल्या फडक्याने खालचा जबडा धरला आणि गळ काढला.

मी म्हणालो, “मामीला दाखवू या.”

“फोटो काढ. मग सोड.”

चोणक जन्माला येतो तो नर म्हणून, आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. अंडी घालणारे सगळे मोठेच. “हा अजून पोर आहे,” मामा म्हणाला. “याला आई व्हायचंय.” त्याने तो पाण्यात धरला, प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः हलेपर्यंत. मग हात उघडला.

नंतर तो बराच वेळ आपला हात नाकाशी नेत होता. मी विचारलं, “येतो का?”

“नाही रे. सवय.”

परत येताना मी चटणीची बरणी न्यायचा विषय काढला. मामीने एकाच वाक्यात संपवला: “गाडीत बाकी माणसं पण बसतात.” बरणी चोडणच्या फ्रीझरमध्ये राहिली. माझ्या बॅगेत दोन किलो कोरगूट आणि मापाचा कागद आला. तांदूळ आईने पाहिले, मुठीत घेतले, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

वडोदऱ्यात मी ही चटणी अजून केलेली नाही. इथल्या पाण्यात कोण काय खातं हे मला ठाऊक नाही, आणि ते कळल्याशिवाय करण्यात अर्थ नाही. पण एक बदल झाला आहे. घरात आता मी वासाला ‘स्ट्राँग’ म्हणत नाही. डाळ खवट झाली की खवट म्हणतो, पीठ कुबट की कुबट. आई हसते.

गेल्या रविवारी मामाचा फोन आला होता. “परत चटणी केली,” म्हणाला. “तुझ्या कागदावरून. मामीला बसवली वास घ्यायला. विचारलं, नाकात की डोळ्यात?”

“मग?”

“म्हणाली, डोळ्यात. फेकून दिली. उद्या ताजी डोकी आणणार आहे.” थोडा थांबून म्हणाला, “पंचमी आहे उद्या. भरती पावणेचारला.”